बक्षिशीचं खातं

आखातात, अल खोबरला बायकांसाठी बँकेची वेगळी शाखा होती. रस्त्यावरून आतलं काही दिसू नये म्हणून दाराला काळी काच, दारात एक जाडजूड म्हातारी राखणदारीण, आणि आत मॅनेजरपासून चहा देणारीपर्यंत सगळ्या बायकाच. पुरुषांनी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवायचा, एवढाच त्यांचा त्या बँकेशी संबंध. आम्ही अबकैकला राहत होतो. माझे यजमान, अशोक, तिथल्या प्लँटमध्ये इंजिनीअर. घरखर्चाचं खातं त्यांनी माझ्या नावानं तिथे काढून दिलं होतं, त्यामुळे खोबरला बाजारहाटाला गेलं की मी बँकेत एक चक्कर टाकून यायची.

एकदा रांगेत माझ्या मागून आवाज आला, "आता हिचा पेन संपला. आली माझी बस."

इतकं घरगुती मराठी त्या थंडगार हॉलमध्ये ऐकून मी गर्रकन वळले. पांढऱ्या स्कार्फातली, चाळिशीच्या अलीकडची, सावळी, बारीक बाई. मी विचारलं, तुम्ही रत्नागिरीकडच्या का? तर म्हणाली, "तुमी कोकणातल्या नाय, ते मना तुमच्या बोलण्यावरनंच समजला." आणि मग माझ्याकडचा पेन घेऊन तिनं काउंटरवरच्या बाईच्या हातात दिला, बाईनं सही केली, आणि आमची ओळख झाली ती तशी.

सफूरा तांडेल. अल खफजीच्या इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स. खफजी म्हणजे कुवेतच्या अगदी हद्दीवरचं गाव. तिथून इस्पितळाची बस नर्सबायांना अधूनमधून खोबरच्या बाजाराला आणायची. इतर जणी सोनं बघायला पांगायच्या, ही आधी बँकेत. पुढे तिची बस लागायला वेळ असला की मी तिला घरी घेऊन जाऊ लागले. अशोक आम्हा दोघींना गाडीत मागे बसवून आणायचे. घरात शिरली की ती माझ्या ओट्याशी उभी राहायची, मी नको म्हटलं तरी. भाकरी माझ्यापेक्षा पातळ करायची आणि ते सांगायचीही.

तिची गोष्ट तिनं एकदम कधी सांगितली नाही. कांदा चिरताना थोडी, कपडे वाळत घालताना थोडी. रत्नागिरीच्या सिव्हिलमध्ये नर्सिंग झालेलं. नवरा इब्राहीम खाडीपलीकडच्या गावचा. लग्नानंतर तो मस्कतला गेला, तिथे पाठीला इजा झाली म्हणून परत आला, आणि मग पाठ बरी झाली तरी तो परत गेला नाही. त्याच्याऐवजी ही आली. तिच्या पगारातून त्यानं मच्छीमारीची लाँच घेतली. लाँच वर्षातला बराच काळ किनाऱ्यावरच असायची, कधी इंजीन, कधी खलाशी, कधी इब्राहीमची पाठ. सफूरा हे तक्रारीच्या सुरात सांगत नसे. "दारू पीत नाय, हात उचलत नाय. मग काय बोलायचा?" असं म्हणून ती विषय संपवायची.

पगार दर महिन्याला त्याच्या नावानं गावच्या बँकेत जायचा. त्यातला रियालही ती ठेवून घेत नसे. खोबरच्या खात्यात जायची ती फक्त बक्षिशी. मुलगा झाला की बाळाची आजी वॉर्डात येऊन नर्सच्या खिशात नोट कोंबते, ही तिथली रीत. मुलगी झाली तरी कोंबते, पण लहान नोट, सफूरा हसून सांगायची. ती बक्षिशी तिनं पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली होती. त्याबद्दल तिच्या मनात जराही खळखळ नव्हती. पगार नवऱ्याच्या बायकोचा, तो नवऱ्याला, आणि बक्षिशी बाळंतपणाची, ती तिच्या लेकीची, असा तिचा साधा हिशोब.

लेक म्हणजे फरहाना. रत्नागिरीला हॉस्टेलवर राहून बारावी सायन्स करत होती. तिला पुढे फार्मसीला घालायची, हे सफूरानं केव्हाच ठरवलं होतं. नर्स नाही. "औषधांचा दुकान टाकील. पांढरा कोट घालून गल्ल्यावर बसंल. कोणाच्या अंगाखालचा काढायला लागणार नाय." पण इब्राहीमच्या मोठ्या भावाचा मुलगा अरीब यान्बूच्या कारखान्यात लागला होता, आणि फरहाना त्याच्यासाठी, असं त्या घरात पोरं लहान असल्यापासून बोललं जात होतं. इब्राहीमचं म्हणणं, बारावीपर्यंत शिकवली हेच पुष्कळ, पुढचे पैसे कुठून आणायचे? या एका प्रश्नाचं उत्तर तिला तयार ठेवायचं होतं. निकाल लागेल, कॉलेजची फी आणि देणगी भरलेली असेल, आणि मग घरात सांगायचं. भरलेली फी कोणी परत आणायला जात नाही. आधी कळलं तर मात्र त्या पैशाचं लाँचचं इंजीन होणार, नाही तर लग्नाचा मांडव.

म्हणून ती बायकांची बँक तिला आवडायची. एकदा म्हणाली, "घरवाला सोडा वहिनी, इथं बँकेचा मालक पण आत येऊ शकत नाय."

मग ऑगस्ट आला. सन एकोणीसशे नव्वद. इराकनं एका पहाटे कुवेत घेतलं आणि त्याच दिवसापासून खफजीच्या रस्त्यावर कुवेतच्या गाड्यांची रांग लागली. सफूराच्या वॉर्डात कुवेती बायका पोटुशा, अनवाणी, गाडीतच कळा सुरू झालेल्या अशा येऊ लागल्या. एकीनं मुलगा झाल्यावर सफूराच्या हातात दिनारच्या नोटा ठेवल्या. सफूरा त्या घेऊन सराफाकडे गेली तर त्यानं बघून नोटा परत सरकवल्या. जगातला सगळ्यात महाग पैसा आठवड्याभरापूर्वी, आणि आता त्याला कोणी हात लावेना. ते पाहून ती हादरली. लढाईच्या बातमीला ती तितकी भ्यायली नव्हती.

आमच्याकडेही सगळे तेच बोलत होते. बँकांपुढे रांगा. कोणी ड्राफ्ट काढतंय, कोणी सोनं घेतंय. सफूरा खोबरला आली तेव्हा सरळ आमच्याकडेच आली आणि अशोकना म्हणाली, भाऊ, माझा पैसा घरी पाठवायचाय, पण घरात कळायला नको, असं काही असतं का?

अशोकना असे प्रश्न आवडतात. त्यांनी तिला परदेशात राहणाऱ्यांचं खातं समजावून सांगितलं. बाहेरून पैसा यायचा, व्याजाला कर नाही, इन्कमटॅक्सवाले विचारणार नाहीत. आपण इथे बसलो आहोत आणि इथल्या सरकारनंही मध्ये परदेशी लोकांच्या पगारावर कर बसवायचं जाहीर केलं होतं, तर लोक राजीनामे घेऊन उभे राहिले आणि थोड्याच दिवसांत सरकारनं तो मागे घेतला, तेव्हा कर या प्रकाराला आपण इथेही भ्यायचं कारण नाही आणि तिथेही नाही, असं त्यांचं बरंच चाललं. सफूरा डोक्यावरचा स्कार्फ नीट करत शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, व्याज मना नकोच. आमच्यात व्याज हराम."

अशोक थांबले. "व्याज नको? मग कर कशावर लागणार?"

"तेच तर. सरकारनं विचारला तर मी सांगीन की, कुठनं आणला ते. बाळंतपणं केली, त्यात लपवायचा काय? घरवाल्यानं विचारला नाय पायजे."

अशोकनी तिला खात्री दिली. बँक ग्राहकाचं खातं कोणाला सांगत नाही, मग विचारणारा कमिशनर असो की नवरा. नियमच आहे तसा. आणि तो होताच, त्यात त्यांनी काही खोटं सांगितलं नाही.

खातं कुठे काढायचं यावर मात्र वाद झाला. मी म्हणत होते मुंबईला काढा. सफूरा म्हणाली, जूनमध्ये फरहानाला एकटीला जाऊन पैसे काढायला लागले तर ती मुंबईला कशी जाणार? रत्नागिरीतच हवं. गावची बँक वेगळी, ही वेगळी, मध्ये खाडी. तिचं म्हणणं रास्त होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनं अर्ज भरला. टपाल खफजीच्या पत्त्यावर यावं असं लिहिलं. कायमचा पत्ता मात्र पासपोर्टावर असेल तोच द्यावा लागतो, आणि तिच्या पासपोर्टावर खाडीपलीकडचं घर होतं. तिथे टपाल जाणार नव्हतं, तेव्हा तिनंही ते डोळे झाकून लिहिलं.

फरहानाला तिनं काही कळवलं नाही. पोरीला खोटं बोलता येत नाही, बापानं सरळ विचारलं तर सांगून टाकील, म्हणाली.

जानेवारीत लढाई सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी खफजीवर तोफा पडल्या. तेलाची टाकी पेटली. गाव रिकामं करायला सांगितलं आणि सफूरा बाळंतिणींना घेऊन बसमधून दम्मामला आली. तिची नेमणूक तिथल्या इस्पितळात झाली, पण राहायची सोय लागेपर्यंत ती आमच्याकडे होती. आमच्या निजायच्या खोलीच्या खिडक्यांना तिनंच चिकटपट्ट्या लावल्या, मी स्टूल धरलं होतं. भोंगा झाला की आम्ही तिघं तोंडाला गॅसचे मुखवटे लावून दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबून बसायचो. मुखवट्यातून बोललेलं नीट कळत नाही, म्हणून सफूरा बोलायची नाही, तसबीहचे मणी ओढत राहायची. महिन्याच्या शेवटी इराकी सैन्य खुद्द खफजीत शिरलं, तिथल्या गल्ल्यांतून लढाई झाली. तिची खोली, तिची पेटी, वॉर्डातल्या नर्सबायांनी मिळून घेतलेला टीव्ही, कशाचं काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. त्यावर ती एवढंच म्हणाली की वेळेवर पैसा हलवला ते बरं झालं. आणि त्या सगळ्या दिवसांत तिला काळजी होती ती फरहानाच्या केमिस्ट्रीच्या पेपराची.

फेब्रुवारी संपता संपता लढाई थांबली. कुवेतच्या विहिरी जळत होत्या. उत्तरेचा वारा आला की आमच्या दोरीवरच्या चादरी काळ्या व्हायच्या आणि दुपारीच दिवा लावायला लागायचा. लोक एकमेकांना वाचलो म्हणून सांगत होते. फरहानाची परीक्षा अजून संपली नव्हती, पण सफूराही हलकी झाली होती. इस्पितळानं सगळ्यांच्या रजा बंद केल्या होत्या, त्या उघडल्या की जूनमध्ये जायचं, आणि नाही मिळाली रजा तर फरहानाला बँकेत कसं पाठवायचं, याचं तिचं नियोजन पक्कं होतं.

एप्रिलमध्ये ईद आली. सफूरा दुपारी शीरखुर्मा घेऊन आली. गावातल्या दुकानात फोन होता, ईदला ती तिथे फोन करायची आणि घरचे येऊन थांबलेले असायचे. आमच्याच फोनवरून तिनं लावला. मी स्वयंपाकघरात वाट्या भरत होते. तिचं "ईद मुबारक" ऐकू आलं, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी डोकावले तर रिसीव्हर कानाला लावून ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. अधूनमधून "हां" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "पोरीला फोनवर द्या." बहुतेक दिलं नाही, कारण तिनं रिसीव्हर ठेवला.

काय झालं होतं ते तिनं बसल्यावर सांगितलं. त्या वर्षी बाहेरच्या लोकांचा पैसा भारतातून काढून घेतला जात होता, देशाच्या तिजोरीत परदेशी चलन उरलं नव्हतं, आणि बँकांच्या साहेबांना वरून ताकीद होती की आखाती ठेवीदारांना सांभाळा, त्यांच्या घरी जा. कोकणात ही पद्धत जुनीच. ईदला, दिवाळीला मॅनेजर मिठाईचा पुडा घेऊन आखातवाल्याच्या घरी जातो, चहा घेतो, पुढची ठेव मागतो. सफूराच्या बँकेचा मॅनेजर नवा, उत्साही माणूस. नमाज आटोपल्यावर तो तरीच्या होडीत बसून, पेढ्यांचा पुडा घेऊन खाडीपलीकडे गेला. पायजमा-टोपीतल्या चार लोकांसमोर इब्राहीमचा हात हातात घेऊन त्यानं आभार मानले. म्हणाला, मॅडमनी आमच्या शाखेवर एवढा विश्वास टाकला, लढाईच्या काळात एवढी मोठी ठेव पाठवली, असे ग्राहक आम्हाला फार थोडे. आणि आकडाही सांगितला.

इब्राहीमनं पेढे वाटले. मॅनेजरला तरीपर्यंत सोडायला गेला. फरहाना परीक्षा आटोपून ईदसाठी घरी आलेलीच होती. तिचं हॉस्टेलवरचं सामान आणायला त्यानं त्याच दुपारी माणूस पाठवला.

"ओरडला का?" मी विचारलं.

"नाय. ओरडला असता तर बरा झाला असता." मग म्हणाली, "बोलला, मना माहीतच नव्हता माझी बायको एवढी मोठी हाय. बोलला, जी खातं लपवते ती आणखी काय काय लपवत असंल."

अशोक घरी आल्यावर त्यांना कळलं तेव्हा ते संतापले. हे बेकायदेशीर आहे, मॅनेजरची नोकरी जाऊ शकते, मुख्य कचेरीला लिहू. बराच वेळ ते असंच बोलत होते. सफूरानं त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "लिहिल्यावर फरहाना हॉस्टेलला परत जाईल, भाऊ?"



पुढच्या शुक्रवारी इब्राहीमनं निरोप कळवला. त्याची एकच अट होती. खात्यावर त्याचं नाव लागलं पाहिजे, तिच्या नावाशेजारी. गावात सगळ्यांना कळलंय, त्याला मान खाली घालून फिरायला लागतंय. नाव लागलं की फरहानानं काय शिकायचं ते शिकावं. सफूरा लगेच तयार झाली. आम्हाला वाटलं होतं ती अडेल, पण ती म्हणाली, "नाव काय, सगळा देते. पोर कॉलेजात गेल्याशी मतलब."

आणि इथे कायदा आडवा आला. परदेशातल्या माणसाच्या त्या खात्यावर भारतात राहणाऱ्याचं नाव जोडीनं लावता येत नव्हतं, मग तो नवरा का असेना. अशोकना ते माहीत होतं, तरी त्यांनी खोबरला जाऊन बँकेच्या पुरुषांच्या शाखेतल्या ओळखीच्या माणसाला परत विचारलं. नाही म्हणजे नाही. बायकोनं पत्र देऊन नवऱ्याला तिच्या वतीनं पैसे काढायचा अधिकार देता येतो, तेवढंच. तिकडे इब्राहीमही रत्नागिरीला जाऊन आला. मॅनेजरनं त्यालाही तेच सांगितलं, पेढे आणले होते तितक्याच आदरानं.

त्या दिवशीचा फोन सफूरानं मला ऐकू यावा म्हणून रिसीव्हर थोडा लांब धरला होता. इब्राहीमचा आवाज खरंच शांत होता.

"तू खातंच असा काढलास, की माझा नावच लागू नये."

"सरकारचा कायदा हाय तो. मी नाय केला. मी तुमाला अधिकाराचा कागद पाठवते, तुमी सगळे पैसे काढा."

"तुझ्या वतीनं? तुझ्या वतीनं मी सही करायची? मी तुझा दिवाणजी हाय?"

तिनं पुन्हा पुन्हा समजावलं. अशोकनी कागदावर लिहून तिच्यासमोर धरलं की ते खातं बंद करून साधं दोघांच्या नावाचं काढता येईल, फक्त कागद वकिलातीचा शिक्का घेऊन जायला वेळ लागेल. तेही तिनं सांगितलं. पलीकडून इब्राहीम म्हणाला, वेळ कशाला, तोपर्यंत तुझी पोर आणखी एखादं खातं काढील. आणि त्यानं फोन ठेवला.

अशोक कामावरून सुट्टी घेऊन रियाधला वकिलातीत जायला निघाले होते. सगळे कागद भरून तयार होते, सफूराच्या सह्या झाल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी सफूराच्या नणंदेचा, शरफुन्निसाचा, दम्मामच्या इस्पितळात फोन आला. ती जेद्दाला असते. तिनं आनंदाची बातमी म्हणून कळवलं की अरीबला यान्बूहून रजा मिळाली, निकाह पुढच्या आठवड्यात आहे, आणि भाभी, तुला रजा नाही मिळत ना, आम्ही आहोत, तू काळजी करू नकोस.

ते कागद मग कुठे गेले नाहीत.

फरहानाला अठरावं पूर्ण झालेलं होतं. तिनं कबूल केलं. सफूरानं तिला फोनवर एकच विचारलं होतं की तुला करायचंय का. त्यावर पोरगी म्हणाली, "अम्मी, मॅनेजर घरी आला तेव्हा अब्बांनी आधी मना विचारला, तुला माहीत होता का. मी कुराणावर हात ठेवून सांगितला, नाय. चार लोकांसमोर. खरा तेच सांगितला." मग म्हणाली, "त्यांना खोटाच वाटला."

सफूरा निकाहच्या दिवशी ड्युटीवर होती. तिनं स्वतः मागून घेतली होती. मी डबा घेऊन दम्मामला गेले, तर वॉर्डाच्या दाराशी येऊन तिनं डबा घेतला आणि म्हणाली, जुळी आहेत, मला जायला हवं. जूनमध्ये निकाल लागला. फरहाना पहिल्या वर्गात पास झाली. सासरी पेढे वाटले असं कळलं. अरीब तोवर यान्बूला परतला होता आणि ती खाडीपलीकडच्याच घरात, चुलत्याच्या चुलीशी होती.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी भारत सरकारनं नवा कायदा केला. परदेशातून पैसा पाठवा, कुठून आला ते विचारणार नाही, करखात्याला चौकशी करता येणार नाही. आमच्या वर्तुळात त्याची फार चर्चा झाली. एका जेवणाच्या वेळी अशोकनी वर्तमानपत्रातून तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. सफूरा होती. वाचून होईपर्यंत ती माशाचे काटे ताटाच्या कडेला लावत बसली. अशोकच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पेपर घडी करून खुर्चीखाली ठेवला.

डिसेंबरात तिला रजा मिळाली. परत आली ती ठरल्यापेक्षा लवकर, आणि खफजीला जाण्याआधी एक दिवस आमच्याकडे राहिली. तेव्हा तिनं सांगितलं ते असं.

ती रत्नागिरीला बँकेत गेली होती. मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा मागवला. त्याला घडल्या गोष्टीतलं काहीच माहीत नव्हतं. लेकीच्या लग्नाबद्दल त्यानं अभिनंदन केलं. सफूरानं त्याला विचारलं की इन्कमटॅक्सचा साहेब आला असता आणि माझं खातं विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत का? मॅनेजर ताठ झाला. म्हणाला, बाई, हे तुमचं खातं आहे, कायद्यानं गुप्त आहे, मी कोणाला सांगणार नाही, अगदी मंत्री आला तरी.

"मग माझ्या घरवाल्याला का सांगितलात?"

"असं विचारल्यावर तो काय म्हणाला?" मी मध्येच बोलले.

"त्याला कळलाच नाय वहिनी, मी काय विचारते ते. मग बोलला, पण ते तर तुमच्या घरचे ना?"

तो वाईट माणूस नव्हता, असं ती दोनदा म्हणाली. त्याला तिनं रागानं काही सुनावलं नाही. चहा पिऊन बाहेर आली.

पैसा जसाच्या तसा होता. त्याला कोणी हात लावला नव्हता, लावू शकतच नव्हतं. सफूरा दुसऱ्या दिवशी फरहानाला बाजाराच्या निमित्तानं खाडीच्या अलीकडे घेऊन आली. तिचा बेत होता की सगळी रक्कम लेकीच्या नावावर करायची. फार्मसी नाही तर नाही, पोरीच्या हाताशी काही असावं. पोरगी दिवसांत होती, सातवा लागला होता. बँकेच्या बाकावर बसून सफूरानं अर्ज तिच्यापुढे ठेवला. फरहानाला इंग्रजी चांगलं येतं, तिनं पूर्ण अर्ज सावकाश वाचला. नवऱ्याचं नाव आणि कायमचा पत्ता या जागेपाशी येऊन थांबली. मॅनेजरच्या काचेच्या खोलीकडे तिनं बघितलं. आतून त्यानं ओळखीचं हसून हात वर केला.

फरहानानं अर्ज आईच्या मांडीवर परत ठेवला. म्हणाली, "नको अम्मी. माझ्या नावावर काय ठेवू नकोस. मना तिथंच राहायचाय."

दोघी तरीनं परत गेल्या. सफूरानं रजेतले उरलेले दिवस काढले नाहीत. हे सगळं तिनं मला माझ्या ओट्याशी उभं राहून, पीठ मळता मळता सांगितलं, आणि भाकरी थापायला घेतली ती नेहमीसारखीच पातळ. खफजीचा वॉर्ड पुन्हा सुरू झाला होता. भिंतींना गोळ्यांची भोकं होती ती बुजवून रंग दिला होता, म्हणाली, पण एका खिडकीला अजून काच नाही, वाळू आत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी अशोकनी आम्हाला दम्मामच्या बसस्टँडवर सोडलं. ती बसमध्ये चढताना मी तिला विचारलं की आता त्या खात्याचं काय करणार? ती पायरीवर उभी होती, मागचे लोक यल्ला यल्ला करत होते.

"राहू दे," ती म्हणाली. "फरहानाला मुलगी झाली तर बघू. मुलगा झाला तर मग मी आजी, नर्सला बक्षिशी द्यायलाच लागंल."

आणि आत जाऊन बायकांच्या बाजूच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसली.